डाव्या गुडघ्याची सवय

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका इमारतीचा जिना पालकांनी भरून जायचा. वरच्या मजल्यावर मृण्मयीताईंचा भरतनाट्यमचा क्लास, तळाशी पिठाची गिरणी आणि दोहोंच्या मध्ये हे आईबाप. आत बसायची परवानगी नव्हती, आणि दीड तासासाठी घरी जाऊन परत येण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून जिना. कुणी मेथी निवडत बसायचं, कुणी ऑफिसची मीटिंग कानात घालून नुसतं हो-हो म्हणायचं. प्रणोती चौगुले गेली तीन वर्षं चौथ्या पायरीवर बसत होती. "या पायरीचा सातबारा माझ्या नावावर करून द्या," असं ती गमतीनं म्हणायची.

आतून पायांचा आवाज येत होता. प्रणोतीच्या लहानपणी वीस मुलींनी पाय आपटले की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. आता वीस मुलींचा मिळून एकच पाय पडायचा, धप्प! ही सगळी करामत अंगवळणाची.

अंगवळण म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसणारा विणलेला पोशाख. त्याच्या विणीत केसाहून बारीक तारा असत. ताई स्वतःचा पोशाख घालून एकदा नाचल्या की त्यांच्या स्नायूंची हालचाल नोंदली जाई. मग मुलींच्या पोशाखातल्या तारा ज्या त्या स्नायूला विजेचा हलका चिमटा काढत : आता कोपर उचल, आता कंबर खाली घे. "मुंग्या आल्यासारखं होतं," असं प्रणोतीची मुलगी रेवा सांगायची. जी बैठक पक्की व्हायला पूर्वी दोन वर्षं लागत, ती चार महिन्यांत येऊ लागली. शोध लावणाऱ्याचं देव भलं करो, पण त्याच्या घरी वाढत्या वयाची मुलगी नसणार हे नक्की. पोशाख मापाचा लागे, आणि मूल वर्षभरात त्यातून बाहेर येई. पोर उंच झाली म्हणून आनंद मानावा की नव्या पोशाखाच्या धास्तीनं कपाळाला हात लावावा, हे जिन्यावर कुणालाच ठरवता येत नसे.

बाकीचं होतंच. परीक्षेची फी, परीक्षेच्या आधी सराव परीक्षेची फी, घुंगरू, गजरे, आणि ऐन वेळी ग्रुपवर येणारा 'उद्या सर्वांना मोरपंखी ब्लाउज हवा' असा हुकूम. वार्षिक कार्यक्रमात आपलीच मुलगी बघायला आपणच तिकीट काढायचं. "लग्न परवडलं, तिथं आहेर तरी येतो," असं एक आजोबा दर वर्षी न चुकता म्हणत, आणि सगळे दर वर्षी न चुकता हसत.

त्या शनिवारी मात्र प्रणोतीचे कान टवकारले. धप्प, आणि मागोमाग बारीकसं 'टप'. एक पाय मागे पडत होता. दहा पोरांत आपल्या लेकराचं रडणं जसं ओळखू येतं, तसा तिला तो पाय ओळखू आला.

क्लास सुटल्यावर ताईंनी तिला वर बोलावलं. ताईंचं बोलणं मोजकं आणि तोडून टाकणारं.

"ही डावा पाय वाचवतेय. अर्धं बसून गुडघे बाहेर काढले की भार उजवीकडे टाकते. दोन महिने सांगतेय मी. परीक्षा महिन्यावर आली. अशीच राहिली तर मागच्या ओळीत घालावं लागेल."

"गुडघा दुखतो का गं?" प्रणोतीनं विचारलं.

दहा वर्षांची रेवा खाली बसून घुंगरू सोडत होती. "नाही. मी नीटच बसते, मम्मी. तो आपोआप सरकतो."

"आपोआप कसा सरकेल?" ताई म्हणाल्या. "अंगवळण सगळ्यांना सारखंच सांगतं."

सांगलीत कुणाच्या अंगात काही खुट्ट झालं की त्याला मिरजेला दाखवतात. रेवालाही दाखवलं. तिचे पप्पा हर्षद हळदीच्या शीतगृहात कामाला. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, हातोडीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, नाचात बसतेस तशी बस बघू." रेवा फ्रॉकमध्येच बसली. दोन्ही गुडघे सारखे, पाठ ताठ, तिळाएवढाही फरक नाही.

"गुडघा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "घरच्या कपड्यात झकास बसते. मला विचाराल तर तो नाचाचा कपडाच डॉक्टरला दाखवा."

हर्षद हसले, पण प्रणोतीला एकदम आठवलं. तो कपडा जुना होता. तीन महिन्यांपूर्वी तिनं तो क्लास सोडून गेलेल्या एका मुलीकडून निम्म्या किमतीत घेऊन रेवाच्या मापाला बारीक करून घेतला होता. थोरलीचा फ्रॉक धाकटीला, धाकटीचा मामेबहिणीला, ही आपली रीतच आहे. बाळाचं पहिलं अंगडंसुद्धा जुन्या लुगड्याचं शिवतात, मऊ असतं म्हणून. त्यात काही चुकतंय असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. कंपनीकडून पोशाख कोरा करून घ्यायला बरेच पैसे पडत होते, म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून तो पुसून घेतला होता. काटकसर केली म्हणून तेव्हा स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

गणपती पेठेत मोमीनचाचांचं दुकान होतं. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करून आता ते असले पोशाख दुरुस्त करत. त्यांनी पोशाख टेबलावर पसरला, मानेपाशी एक वायर जोडली आणि समोरच्या पडद्यावर रेघारेघांची एक मुलगी उभी राहिली.

"ही तुमची पोरगी नव्हं," चाचा म्हणाले.

"पण पुसून घेतलं होतं की!"

"नाव पुसलंय, गाव पुसलंय. सवय कोण पुसणार? हा कपडा नुसता शिकवत नाही ताई, शिकतोही. घालणारी कुठं थकते, कुठं अडते, ते बघून चिमटा कमी-जास्त करतो. ती सवय तारांच्या या गाठींत बसून राहते." त्यांनी रेघांच्या मुलीच्या डाव्या पायावर बोट ठेवलं. "ही बघा. आधीची पोर इथं भार आला की दचकायची. पहिल्यांदा कधीमधी, मग रोज. कपड्याला कळलं, हिला इथं सोसत नाही. मग तोच भार उजवीकडं सरकवायला लागला. सात महिने. गुडघा दुखत होता तिचा."

"आणि ताईंना दिसलं नाही?"

"कसं दिसणार? तिच्या मापाचा कपडा, बेमालूम झाकून घेतलं. तुमच्या पोरीचं अंग वेगळं, तिला ते मापात बसंना, म्हणून उघडं पडलं."

प्रणोती पोशाख पिशवीत कोंबून तरातरा निघाली ती थेट पोशाख विकणाऱ्या मगदूमांच्या घरी. खराब माल गळ्यात मारला म्हणून चांगलं फैलावर घ्यायचं आणि निम्मे पैसे परत मागायचे, असं वाटेत तिनं दहा वेळा घोकलं. तेजश्री मगदूमनं दार उघडलं आणि "या की, चहा टाकते," म्हणाली. राग दारातच निम्मा उतरला. उरलेल्या निम्म्यात प्रणोतीनं सगळं सांगून टाकलं.

"काहीतरीच काय!" तेजश्री म्हणाली. "स्वानंदीनं अभ्यासासाठी सोडला ओ क्लास. आठवीत गेली ना. केवढी भांडले मी तिच्याशी! तिचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरलेला, हॉलची अनामत भरलेली, आमंत्रणं झालेली. मुहूर्त दोन महिन्यांवर आला आणि बाईसाहेब म्हणाल्या, मला कंटाळा आला." आणि तिनं आत हाक मारली, "स्वानंदी, इकडं ये जरा."

उंच, शेलाटी, तेरा वर्षांची मुलगी बाहेर आली. तिची नजर आधी पिशवीतून डोकावणाऱ्या पोशाखावर गेली आणि तिथंच थांबली.

"तुझा गुडघा दुखत होता का गं?" तेजश्रीनं विचारलं.

"थोडा," मुलगी म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या गणपतीपासून."

"अगं मग सांगायचं नाही का? तोंड शिवलं होतं का तुझं?"

आई हे काय विचारतेय, अशा नजरेनं स्वानंदीनं तिच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता, हिशोबाचं उत्तर सांगावं तशी ती म्हणाली, "पप्पांनी पोशाखासाठी बुलेट विकली होती ना. आणि तू सगळ्यांना फोन करून कार्यक्रमाचं सांगितलं होतंस." मग आईचा चेहरा बघून तिनं घाईनं जोडलं, "आता नाही दुखत फार."

त्या 'फार'पाशी तेजश्री खाली बसली. "मी हिला आळशी म्हटलं ओ," ती प्रणोतीला सांगू लागली. "चारचौघांत म्हटलं. सगळे पैसे पाण्यात घातलेस म्हटलं. आणि ही बया ऐकून घेत उभी राहिली." तिचे डोळे भरून आले. स्वानंदी तिच्याजवळ जाऊन बसली आणि उलट तीच आईच्या पाठीवरून हात फिरवू लागली. प्रणोतीला तिथं उभं राहवेना. निम्मे पैसे मागायचे होते हे ती पार विसरली. "उद्याच मिरजेला दाखवा," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

स्कूटर चालवताना तिच्या डोक्यात स्वानंदी नव्हतीच. रेवा होती. रेवा कधी कुरकुर करत नाही, हे ती जिन्यावर किती अभिमानानं सांगायची! 'आमची अगदी शहाणी आहे हो, नाही म्हणणं माहीतच नाही.' क्लासला निघताना रेवाच्या पोटात दुखायचं, ते ओवा दिला की थांबायचं. निदान रेवा तसं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोमीनचाचांकडे गेली. "सगळं पुसून कोरा करा," ती म्हणाली.

चाचांनी वायर जोडली आणि हात थांबवला. "त्या पोरीच्या सवयीवर तुमच्या पोरीचीही तीन महिन्यांची सवय बसलीय. एकदा पुसली की गेली. बघायची का? अंग कुठं आपणहून धावतं, कुठं ओढून न्यावं लागतं, श्वास कुठं अडकतो, सगळं दिसतं. कंपनी दाखवत नाही, मी दाखवतो."

प्रणोती पडद्याकडे बघत राहिली. बघावं असं तिला फार फार वाटलं. एक बटण, की लेकीच्या मनातलं समोर. पण रेवाला न विचारता रेवाच्या आत डोकवायचं? आणि जे दिसेल ते रेवा कधीच बोलली नव्हती, आपणही कधी विचारलं नव्हतं, याचं काय करायचं? तीन वर्षं जिन्यावर बसून आपण पायरी राखली, एवढंच केलं, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच चीड आली.

"नको," ती म्हणाली. "तिचं तिला विचारते."

"विचारा की. पण पोरं खरं बोलतात होय आईबापाशी? आमची तर कधी बोलली नाहीत."

"पुसा चाचा," ती म्हणाली. रेघांची मुलगी पायापासून वर वर विरत गेली आणि पडदा मोकळा झाला.

संध्याकाळी तिनं रेवाला शाळेतून परस्पर कृष्णेच्या घाटावर नेलं. वाटेत भडंग घेतलं. दोघी पायऱ्यांवर बसल्या. नदीचं पाणी संथ होतं, पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी धूत होतं. रेवा भडंगातले शेंगदाणे आधी वेचून खात होती आणि वर्गातल्या कुठल्याशा मुलीनं बाईंची नक्कल कशी केली ते सांगत होती. प्रणोतीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग घसा खाकरला.

"रेवू, एक विचारू? तुला नाच आवडतो का गं? मनापासून?"

रेवाचा हात पुडीत थांबला. तिनं वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काल मगदूमांच्या घरी एका मुलीनं आपल्या आईकडे पाहिलं होतं, अगदी तसंच. पोरं आपल्याला जपतात, आणि आपल्याला पत्ता नसतो.

"पुढच्या वर्षाची फी भरलीस का?" रेवानं विचारलं.

फी गेल्याच आठवड्यात भरली होती. आगाऊ भरली की थोडी सूट होती, आणि पावती प्रणोतीच्या फोनमध्ये होती.

"नाही," ती म्हणाली. लेकीशी इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली.

"खरंच नाही भरलीस?"

"खरंच नाही."

रेवानं पुडी बाजूला ठेवली. गुडघे जवळ घेऊन ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. प्रणोतीच्या ओठांवर आलं होतं, 'बोल की गं लवकर,' पण तिनं ते गिळलं.

"मम्मी," शेवटी रेवा म्हणाली, "मग मला विचार करायला किती दिवस आहेत?"