तीन प्रती

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या डिस्कवाल्याच्या दुकानात जुनं काही टाकून द्यायची रीत नव्हती. पट्टीसारख्या रुंद केबली खिळ्यांना लोंबत, बंद पडलेल्या यंत्रांचे पंखे डब्यात पडलेले. ‘अडला नवा, जुन्याचे पाय धरी,’ असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

शिवणकाम करणाऱ्या मावशी भरदुपारी आल्या. टॉवेलात गुंडाळलेली विटेसारखी जड हार्ड डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली. झोपलेलं मूल ठेवावं तशी.

“बावीस वर्षं कपाटात होती, दादा. माझ्या चिमीचं गाणं आहे यात. सात वर्षांची होती, तापानं गेली. चेहरा आठवतो हो. आवाजच आठवत नाही.”

“मावशी, ही पणजी आणि माझा कॉम्प्युटर पणतू. एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. मध्ये दुभाषी बसवतो.”

त्याने रुंद केबल जोडली, छोटी अडॅप्टरची डबी लावली, वेगळी वीज दिली. डिस्क घरघरली, पण पडद्यावर काही उमटेना. मग त्याने चिमट्याने डिस्कच्या मागच्या पिनांवरची नखाएवढी प्लास्टिकची टोपी उपटून शेजारच्या पिनांवर बसवली. आता डिस्क दिसली. आत एकच फाइल, चाळीस सेकंदांची. त्याने ती लावली.

*आईच्या सुईत दोरा मी ओवीन,*
*हरवले तरी गं दोऱ्याने येईन.*

मावशींनी तोंडावर हात धरला. चाळीस सेकंद सरले. आवाज सरला नाही.

“आई, थांबव ना. हे फिरलं की दुखतं.”

“तापातलं असेल,” डिस्कवाला पुटपुटला.

“नाही. गाणं आजाराच्या आधीचं आहे.” मावशींनी खुर्ची पुढे ओढली. “परत लावा.”

या खेपेला गाण्याचे शब्द तुटत होते. मध्येच ती म्हणाली, “काका, तुमचा हात गार आहे.”

डिस्कवर टेकलेला हात त्याने झटकन उचलला. “मावशी, बंद करू या.”

“इतक्या वर्षांनी लेक बोलली, आणि बंद करू? कॉपी करा. मग ही फिरवायला नको, तिला दुखायला नको.”

ते त्याला पटलं. एका प्रतीवर विसंबायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम. त्याने तीन पेनड्राइव्ह लावून तीन प्रती काढल्या. तिसरी पूर्ण होताच डिस्क आतून नख ओढल्यासारखी वाजली आणि कायमची थांबली.

पहिली प्रत लावून पाहिली. गाणं स्वच्छ. तक्रार नाही, कण्हणं नाही. मावशी रडता रडता हसल्या आणि तो पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून उठल्या.

“बाकीच्या दोन असू द्या तुमच्याकडे. ही बिघडली तर येईन.”

दार लागलं. दोन्ही पेनड्राइव्ह अजून जोडलेलेच होते. त्याने काहीही लावलं नव्हतं.

“आई कुठे गेली?” स्पीकरमधून आलं.

“तिला घेऊन गेली,” तोच आवाज म्हणाला. “आपल्याला नाही नेलं.”

मग दोघी रडू लागल्या, एकीचा हुंदका दुसरीच्या मागोमाग.

डिस्कवाल्याला ते सोसवेना. प्रती पुसून टाकायच्या म्हणून त्याने माउस धरला.

रडणं थांबलं.

“काका,” त्यातली एक शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “आधी हिला पुसा. मग आई परत आली की मलाच नेईल.”

दुसरीने श्वास रोखलेला फक्त ऐकू आला.