पुढे चालणारा दिवा

बसा. बुटांच्या नाड्या नंतर बांधा. तुमच्या मॅडम यायला अजून अर्धा तास आहे, आणि जाळ्यातले कोळी काही पळून जात नाहीत. अठ्ठावीस वर्षं कॉलेजची बस चालवतोय. दर ऑक्टोबरात तुमच्यासारखी कार्टी या जंगलात आणतो आणि मोजून परत नेतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास ब्रेकवर. पण मघाशी तुम्ही भांडत होतात ना, पायवाटेवर पुढे कोण चालणार म्हणून? त्यावरून आठवलं. ऐका, आणि मध्ये खी-खी करू नका.

आपल्या लॅबमध्ये एक असिस्टंट होता. त्याला सगळे बाटलीभाऊ म्हणायचे. दात काढू नकोस रे, थेंबाला शिवायचा नाही तो. खिशात कायम कोळी ठेवायच्या छोट्या बाटल्या, म्हणून बाटलीभाऊ. माझा जिवलग. तो आणि कोळ्यांचे सर, दोघं वीस वर्षं या जंगलात हिंडले. सर म्हणजे सडपातळ माणूस, जरा पुढे वाकलेला, दर दहा पावलांवर खाकरणार. शर्टाच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेला पेन्सिलीचा तुकडा. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये शाई विरघळते, पेन्सिल टिकते, म्हणून. त्यांचा नियम एकच. कोळी बाटलीत पडला की तिथल्या तिथे लेबल लिहायचं, तारीख आणि जागा, आणि ते कोळ्याबरोबर आत टाकायचं. "घरी जाऊन लिहिलेलं लेबल म्हणजे थाप," असं म्हणायचे.

आणि भाऊनं एका वर्षी ती लेबलं घरी जाऊन लिहिली. कंटाळा आला होता, दुसरं काय. आठ दिवसांनी, आठवतील तशी. त्यातल्या एका बाटलीत असा कोळी होता, जो तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो सापडला होता इथे, ओढ्यापलीकडच्या उतारावर. लेबलावर भाऊनं लिहिलं, कॉलेजची बाग. सरांनी विश्वासानं तेच छापलं. बाहेरगावचे चार मोठे लोक आले, बाग पालथी घातली, काही मिळालं नाही. भर सभेत सरांचं हसं झालं.

सरांनी भाऊला विचारलं, "अरे, तू लेबल कधी लिहिलंस?"

भाऊ म्हणाला, "जागेवरच लिहिलं सर. बाग तुम्हीच सांगितलीत."

सरांनी लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "असेल. हल्ली माझं काही खरं नाही." त्यांना वाटलं, आपल्यालाच विसर पडायला लागला. त्या दिवशी बटणाची पेन्सिल सोडून टेबलाच्या खणात टाकली, ती परत बांधली नाही. जंगल सुटलं. बोलणं सुटलं. मे महिन्यात गेले.

भाऊला ते आतून पोखरत होतं. मला एकट्याला सांगितलंन, आणि रडला. "तो कोळी त्याच उतारावर पुन्हा सापडला, की सगळं कबूल करतो. सरांचं नाव धुऊन निघेल." मी म्हटलं, आधी कबूल तर कर. म्हणाला, "रिकाम्या हातानं गेलो तर कोण ऐकणार माझं?"

तर, सोळा ऑक्टोबर, गुरुवार. पोरांना इथे जेवायला सोडून आम्ही दोघं बस घेऊन पुलापर्यंत गेलो. सात वाजून दहा मिनिटांनी तो उतरला. कपाळावर दिवा, खिशात एक बाटली. तो झाडीत शिरल्यावर बघतो तर त्याची पेन्सिल डॅशबोर्डवर. मी हाक मारली, पण त्याला ऐकू गेली नाही. मागे का गेलो नाही? घाबरलो म्हणून. झालं समाधान?

पुढचं त्यानं मला सांगितलेलं.

ओढा ओलांडल्यावर त्याला समोर एक दिवा दिसला. पिवळट. माणसाच्या कपाळाएवढ्या उंचीवर, पायवाटेनं पुढे चाललेला. त्याला वाटलं मीच दुसरीकडून येऊन वाट दाखवतोय. बरं वाटलं त्याला. निघाला मागोमाग. "हळू चल की," असं म्हणालासुद्धा.

दिवा हळू चालायला लागला.

थोडं पुढे गेल्यावर भाऊच्या तोंडाला जाळं लागलं. त्यानं पुसलं. पुन्हा लागलं. डोळ्यांवर, मिशीवर. तिसरं छातीवर, चांगलं ताणलेलं, तटकन तुटलं.

आता तुम्हीच सांगा. दिवेलागणीला कोळी वाटेवर जाळी विणतात. ती कोणाच्या तोंडाला लागतात? पुढच्याच्या. तुमचं भांडणही त्यावरूनच होतं ना? मागच्याला वाट मोकळी मिळते.

भाऊ थांबला.

दिवाही थांबला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. इतका वेळ पाचोळा वाजत होता तो एकाच माणसाच्या पायाखाली. त्याच्या स्वतःच्या.

समोरून कोणीतरी खाकरलं.

"सर…?"

पानही हललं नाही.

"सर… मी खोटं बोललो. लेबल मी घरी लिहिलं. आठ दिवसांनी. तुम्ही बाग म्हणाला नव्हतात… तुमचं काही चुकलं नव्हतं, सर."

दिवा तसाच.

मग दिवा वाकला. जमिनीकडे.

भाऊनं आपला उजेड तिकडे वळवला. पाचोळ्यात दोन हिरवे ठिपके चमकले. डोळे. कोळ्याचे. तोच. त्यानं गुडघ्यावर बसून स्पिरिटची बाटली तिरकी धरली, काडीनं कोळी आत ढकलला, बूच लावलं. शर्टाच्या खिशात टाकली. खिशाचं बटण लावलं. लेबलासाठी पेन्सिल चाचपली… नव्हती.

वर बघितलं. दिवा विझलेला.

मग तो पळाला.

आठला दहा कमी असताना बसच्या दारावर थाप पडली. मी दार उघडलं. तोंडभर जाळी. भुवया, कान, मिशी, सगळं पांढरं. पाणी पाजलं, बसवलं, तेव्हा आत्ता सांगितलं तसं, तुटक तुटक बोलला. मी म्हटलं, कोळी दाखव. त्यानं खिशाचं बटण काढलं, बाटली माझ्या हातात दिली. मी ती बसच्या दिव्याखाली धरली.

कोळी होता. आणि त्याच्या बाजूला, स्पिरिटमध्ये, एक लेबल होतं.

भाऊची पेन्सिल तेव्हाही डॅशबोर्डवरच होती. माझ्या समोर.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉलेजला सगळं लिहून दिलं आणि नोकरी सोडली. बाटली घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. सरांच्या बायकोनं चष्मा लावला, लेबल पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. अक्षर कोणाचं, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

बाटली अजून लॅबच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. उद्या परत गेल्यावर बघा. पेन्सिलीचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. वर तारीख, सोळा ऑक्टोबर. त्याखाली जागा, ओढ्यापलीकडचा उतार. आणि सगळ्यात खाली, इतर कुठल्याच लेबलावर नाहीत असे दोन शब्द.

'जागेवरच लिहिले.'