भरतीचं कोरं पान

पडद्यावर संकेतस्थळाचं पान उघडलं होतं. निळंशार. मधोमध ‘थांबा, येतंय’ असं सांगणारा एक शंख गोल गोल फिरत होता. पण भरती-ओहोटीच्या वेळा? एकही नाही!

शाल्मलीने डोळे बारीक करून बंबकडे पाहिलं. बंब म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. पाणी तापवायच्या बंबासारखा गोल, तांबूस. पोटावर पडदा आणि खाली चाकं.

"तूच पुसल्यास ना वेळा?"

"पुसायच्याच असत्या, तर हा शंख कशाला फिरत ठेवला असता, ताई?"

"मला फसवायला! तुला खारं पाणी नको असतं. मागच्या खेपेला चाकं गंजली म्हणून किती कुरकुरत होतास!"

ते खरंच होतं, म्हणून बंबने चाकं हळूच मागे घेतली. आणि त्याने चाकं मागे घेतली, म्हणून शाल्मलीचा संशय पक्का झाला.

समोर शिंपलबेट होतं. तिथल्या सागर प्रयोगशाळेत तिचे आजोबा, म्हणजे आबा, राहायचे. ओहोटी असली की किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडे. भरतीत ती बुडे. म्हणून आबांनी स्वतःच वेळांचं हे संकेतस्थळ बनवलं होतं. आज आबांचा वाढदिवस. आईने गरमागरम घावन्यांचा डबा दिला होता आणि बजावलं होतं, "वेळ बघितल्याशिवाय वाळूवर पाय ठेवायचा नाही हं."

"आबांना वायरलेसवर विचारू या," बंब म्हणाला.

"नको! मला त्यांना अचानक गाठायचंय, विचारलं तर गंमत काय राहिली? आबांचं पान चुकायचं नाही. चुकतोस तूच!"

समोर वाळूची वाट उघडी दिसत होती. डबा छातीशी धरून ती निघालीसुद्धा.

वाळू कोरडी होती. खोटारडा कुठला, ती मनात म्हणाली. अर्ध्या वाटेवर टाचांना गार लागलं. तिने वळून पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होतं. तिच्याच पावलांचे ठसे भरून पुसले जात होते.

बंबने आबांना वायरलेसवर गाठलं होतं. तेवढ्यात मागून त्याच्या कर्ण्यातून आबांचा आवाज आला. "माझ्याकडे तर वेळा दिसतायत गं! थांब हं, चष्मा... अगं, भरती लागलीये! मागे फिर!"

पाणी गुडघ्याला लागलं. पायाखालची वाळू सरकली. आणि दोन तांबूस हातांनी तिला उचललं. बंब खाऱ्या पाण्यात अर्धा बुडाला होता. चाकं करकरत होती, तरी तो चालत राहिला.

किनाऱ्यावर येऊन शाल्मली आधी पोटभर रडली. मग म्हणाली, "मी तुला मनात खोटारडा म्हटलं."

"मनातलं मला ऐकू येत नाही, ताई."

"पण वेळा गेल्या कुठे?"

"गेल्या नाहीत. आल्याच नाहीत. डबा उघडा बघू." डब्यातले घावने चेपले होते, पण होते. "समजा, आईंनी रिकामा डबा दिला असता आणि सांगितलं असतं, मागून आचारी येतोय, तो तुमच्याच चुलीवर घावने करेल. आचारी वाटेत अडकला तर?"

"उपाशी! पण घावने आई घरीच करते की. आचारी कशाला?"

"अगदी बरोबर! पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये (पानावर काय असेल, कसं मांडलेलं असेल ते सांगणाऱ्या भाषेत) येतो. आबांच्या एचटीएमएलमध्ये नुसता निळा रंग आणि शंख आहे. वेळा आणून मांडायचं काम त्यांनी जावास्क्रिप्टवर (पानामागून येऊन आपल्या यंत्रावर चालणाऱ्या आज्ञांवर) सोपवलंय. इथे किनाऱ्यावर नेटवर्क मरतुकडं. आज्ञा पोचल्याच नाहीत."

वायरलेसवर आबा खाकरले. "अरे, पण आकडे लाटांवर तरंगत येतात! किती छान दिसतं!"

"आबा," शाल्मलीने विचारलं, "आजच्या वेळा दिवसभरात बदलतात का?"

"नाही."

"मग त्यांना आचारी कशाला?"

वायरलेस खरखरला. "...चुकलंच गं माझं."

"म्हणजे जावास्क्रिप्टच लबाड आहे!"

"नाही हो ताई," बंब म्हणाला. "पडद्यावर खेळताना, नकाशा बोटाने सरकवताना क्षणाक्षणाला नवं काही घडतं. तिथे आचारी हवाच. नुसतं वाचायचं ते मात्र तयारच पाठवावं."

संध्याकाळी आबांनी पान बदललं. शाल्मलीचा विश्वास बसेना. "आधी जावास्क्रिप्ट बंद कर. मग उघड."

बंबने उघडलं. लाटा नाहीत, शंख नाही. साध्या काळ्या अक्षरांत वेळा मात्र सगळ्या हजर! मग जावास्क्रिप्ट चालू केली, तेव्हा हळूच आकड्यांखाली लाटा आल्या.

दुसऱ्या दिवशी पानावरची वेळ पाहून, चाकांना तेल लावून दोघं बेटावर पोचले. आबांनी घावना तोंडात टाकला आणि आधी बंबची चाकं पुसली. शाल्मली आबांच्या संगणकावर एकेक संकेतस्थळ तपासत होती, जावास्क्रिप्ट बंद करून. दवाखान्याचं पान आलं. शाळेचं आलं. होड्यांच्या वेळापत्रकाचं मात्र कोरंच राहिलं.

शाल्मलीने पुन्हा डोळे बारीक केले. या वेळी बंबकडे पाहून नाही, पडद्याकडे पाहून.

"आबा, या होडीवाल्यांना कोण सांगणार?"

"पाण्यात सापडलं होतं कोण?" आबांनी कळफलक तिच्यापुढे सरकवला.