तुंब्यातली अँटेना

तांबं खाणारं औषध पितळेच्या परातीत ओतू नये, एवढं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळायला हवं. पण भंडारा जिल्ह्यात घरातली परात पितळेचीच असते, आणि मला घाई होती. सकाळी ओतलं. जेवणाच्या वेळी उचलायला गेलो तर परातीचे काठ माझ्या हातात आणि तळ अंगणात.

"लोकाईचे नवरे दारू पेतात," आमच्या ललिताबाई शेजारी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "माया नवऱ्यानं परात खाल्ली!"

मी थापा मारतो असं सिहोऱ्यात कोणीही सांगेल. वैनगंगेतल्या एका वाघूर माशाने माझं घड्याळ गिळलं आणि दिवाळीला तो सापडला तेव्हा ते बरोबर वेळ दाखवत होतं, ती थाप माझीच. ही तशी नाही. तशी असती तर हिचा शेवट मी बरा केला असता.

साल चौऱ्याऐंशीच्या आसपासचं. बसस्टँडजवळ माझं रेडिओचं दुकान होतं आणि ते औषध मी आणलं होतं बुधराम ढिवरासाठी. गावाबाहेरचा मोठा तलाव मासेमार ढिवरांच्या संस्थेने गोपीचंद नावाच्या ठेकेदाराच्या हातून मिळवला होता. गोपीचंदला ते पचलं नव्हतं. धान चुरण्याच्या दिवसांत सगळं गाव खळ्यावर असे, तेव्हा भर दुपारी त्याची माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन जाळी टाकत आणि मासे उपसून नेत. आधीचा राखणदार चिंधू आडवा आला. त्यांनी दगडाने त्याचे दोन्ही गुडघे फोडले आणि त्याला गळ्याइतक्या पाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळी म्हशी धुवायला गेलेल्यांनी बाहेर काढला तेव्हा तो ओरडतही नव्हता.

आता राखण बुधरामकडे आली होती. त्यातून त्याचा सख्खा धाकटा भाऊ आसाराम गोपीचंदच्याच ट्रकवर कामाला. दोघांच्या घरांची भिंत एक, आणि बोलणं बंद.

"काय जी कृष्णराव," बुधराम दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "असं काई बनवा का मी पाळीवरून बोललो का घरी यशोदाले ऐकू आलं पायजे. ते गाव गोळा करन."

"म्हणजे वायरलेस पाहिजे तुला."

"नाव तुमी ठेवा. मले गुडघे पायजेत."

बोलणारं यंत्र बनवणं मला जड नव्हतं. परवान्याचं विचारू नका. सरकारला त्या दिवसांत दुसरी कामं होती. अडचण अँटेनाची. हातभर दांडी उभी दिसली की चोर आधी तीच मोडणार. तेव्हा अँटेना सपाट हवी, लहान हवी आणि लपायला हवी. नागपूरहून तांब्याचा पातळ थर चढवलेली एक पट्टी आणली. त्या थरावर ललिताबाईंच्या नखपॉलिशने रेघ काढली. धानाच्या बांध्यांतून पाणी फिरवतात ना, या बांधीतून त्या बांधीत, जाऊन पुन्हा उलट येऊन, तशी. हातभराची वाट विड्याच्या पानाएवढ्या जागेत बसली. मग औषधाने उघडं तांबं खाऊन टाकायचं. पॉलिशखालची रेघ तेवढी उरते. परातीनंतर मी फोटोवाल्याकडून प्लास्टिकचं तसराळं मागून आणलं आणि काम नीट झालं.

पट्टी आणि यंत्र ठेवायचं कशात? पत्र्याच्या डब्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. बुधरामने स्वतःच तोड काढली. ढिवर पाण्यात शिरताना वाळवलेला पोकळ भोपळा, तुंबा, कमरेला बांधतात. त्याच्यात कोणाला संशय येणार नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढे मी स्वतःला तीच सांगत राहिलो. माणूस म्हणजे खारट पाण्याची पिशवी. लहान अँटेना अंगाजवळ आली की तिचा सूर उतरतो. म्हणून मी तुंबा बुधरामच्या पोटाशी बांधला, त्याला समोर उभा केला आणि मीटरचा काटा जास्तीत जास्त चढेपर्यंत ब्लेडने ती रेघ टोकाकडून खरवडत गेलो. तुंबा माझ्या कमरेला बांधला की आवाज दुकानाच्या दारापर्यंतही पोचेना. त्याच्या कमरेला बांधला की पाळीवरून थेट त्याच्या चुलीपाशी. ती अँटेना नुसत्या तांब्याची नव्हती. अर्धी बुधरामची होती.

ऐकायचा डबा त्याच्या बायकोजवळ, यशोदाबाईजवळ ठेवला. पहिल्याच दुपारी पाळीवरून बुधराम म्हणाला, "भात कमी टाक, पोट बिघडलं." तिने चारचौघींत लाजून डब्यावर पदर टाकला. चोर आठवडाभर फिरकले नाहीत.

मग एका सकाळी यशोदाबाई दुकानात आली.

"भाऊजी, तुमचा डब्बा कोनाले तरी मारून राहिला."

मी तिच्या घरी गेलो. बुधराम ओसरीवर न्याहारी करत होता. तुंबा खुंटीला. मी उघडून पाहिला. बुधरामने सेल काढून उन्हात ठेवले होते, सेल उन्हात ठेवले की पुन्हा जोर धरतात अशी त्याची समजूत. म्हणजे बोलणारं यंत्र मेलेलं. आणि डब्यातून आवाज येत होता.

धप्प. ओल्या वस्तूवर काहीतरी आदळल्याचा. मग धापा. पुन्हा धप्प. मग पाण्यात जड काही पडल्याचा आवाज, आणि शांतता. थोड्या वेळाने तेच, त्याच क्रमाने.

"कोनी कपडे धुऊन राहिलं असन," बुधराम म्हणाला. त्याचा घास हातातच होता.

"वरठीच्या कारखान्यातला घण असेल," मी म्हणालो. वरठी तिथून कुठे, आणि घणाला धाप कशाला लागेल, हे मी स्वतःला विचारलं नाही. डब्यातही मी तशीच एक पट्टी बसवली होती. तिचा सूर चुकून भलतीकडे लागला असेल, असं ठरवून मी तिची रेघ ब्लेडने जराशी कापली.

आवाज जवळ आला.

आणखी कापली. आता धापेमागे पाण्याची चुबुकचुबुक ऐकू येत होती. कोणीतरी गुडघाभर पाण्यात उभं होतं. मी ब्लेड खाली ठेवलं, पण उशीर झाला होता, कारण आता शब्द आला. रडवेला, नाकातून निघालेला, तोंडात रक्त असल्यासारखा:

"नोको ना!"

कोणाचा आवाज, ते कळायला तोंड शाबूत नव्हतं. यशोदाबाईने नवऱ्याचा दंड धरला. बुधराम डब्याकडे पाहत उठला. त्याला वाटलं ते मला वाटलं, ते तिलाही वाटलं. तो पाळीवर मार खाऊन मरणार होता आणि आम्ही ते आधीच ऐकत होतो.

"तू जाऊ नोको तिकडं," ती म्हणाली.

"अन् चिंधू लंगडा झाला ते फुकटच काय? समाज थुंकन माया तोंडावर." त्याने वळचणीतून कुऱ्हाड ओढली. तोवर तो राखणीला नुसती बांबूची काठी नेत असे. "मार खानारा मी नाई. सांगून ठेवतो."

त्या दिवसापासून कुऱ्हाड त्याच्यासोबत गेली. डबा मी बंद केला. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईने तो पुन्हा चालू केला. म्हणाली, ऐकू आलं नाही तर जास्त भेव वाटते. ती चुलीपाशी बसून ते ऐकत राही. धप्प, धाप, धप्प, नोको ना, पाणी. स्वयंपाक करताना, जाळं विणताना, केस विंचरताना. मी म्हटलं, वहिनी, वेड लागेल. ती म्हणाली, "भाऊजी, मी शिकून राहिली. कोन मारते ते एक डाव कळलं पायजे."

आणि तिला कळलं.

दुपारची वेळ. बसस्टँड ओस, खळ्यांवरून बैल हाकल्याचे आवाज. यशोदाबाई अनवाणी धावत दुकानात आली, डबा छातीशी धरलेला.

"भाऊजी, चाला! मार खानारे ते नाईत. मारनारे ते हायेत!"

"कशावरून?"

"काल त्यायनं आंगनात लाकडं फोडली. घाव घालाच्या आंधी ते नाकातून हुंकते. लगन झाल्यापासून आयकून राहिली मी. अन् हे आयका."

तिने डबा माझ्या कानाशी धरला. धप्पच्या आधी, इतके दिवस मी ज्याला धाप समजत होतो तो, नाकातून निघालेला एक आखूड हुंकार होता. लाकूड फोडणाऱ्याचा.

आम्ही पळालो. मी तेव्हाही काही तरुण नव्हतो. पाळ चढताना छातीत भाला फिरल्यासारखं झालं.

तलावात गुडघाभर पाण्यात बुधराम उभा होता, कुऱ्हाड खांद्यावर. समोर आसाराम. दोघांच्या मध्ये अर्धं ओढलेलं जाळं, त्यात मासे तडफडत होते. आसारामसोबत आलेली माणसं कुऱ्हाड बघून पसार झाली होती. पलीकडच्या काठावर त्यांच्या चपला पडल्या होत्या.

"बुधराम!" मी पाण्यात उतरलो. "कुऱ्हाड इकडे दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. यशोदाबाईकडे पाहिलं. ती काठावर हात जोडून उभी होती.

"घ्या जी," तो म्हणाला आणि खरंच दिली.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून ती कमळाच्या पानांपलीकडे भिरकावली. पाण्याने ती गिळली. मला हसू फुटलं. चुकवली आपण, मी मनात म्हणालो. ऐकलेली वेळ आपण चुकवली.

आसारामही हसला.

"झाली मर्दुमकी?" तो भावाला म्हणाला. "घरी जा आता. लुगड्यात लपून बस. चिंधूले बी मीच बसवला होता पान्यात. तुले कोन बसवत नाई, तुई लायकी नाई."

शेजारी डोंगा बांधलेला होता. त्यात वल्हं होतं, सागाचं, पाण्याने काळं पडलेलं.

बुधराम नाकातून हुंकला.

धप्प.

तेव्हा मला समजलं, डब्यात मी लोखंडाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो लाकडाचा होता.

पहिला घाव जबड्यावर बसला. आसाराम गुडघ्यांवर आला आणि त्याचे दात पाण्यात पडताना मी पाहिले, लाह्यांसारखे. मी बुधरामच्या कमरेला मिठी मारली. त्याने मला कोपराने झटकलं तेव्हा माझी बरगडी मोडली. तुंबा आमच्या दोघांच्या मध्ये चिरडला. आतली पट्टी माझ्या पोटाशी मोडल्याचं मला जाणवलं.

हुंकार. धप्प.

"नोको ना!" आसाराम म्हणाला.

यशोदाबाईने दोन्ही कान झाकले. तिने खाली टाकलेला डबा पाळीवर चालूच होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यातून काही येत नव्हतं.

वल्हं पुन्हा वर गेलं.

मग आसाराम पाण्यात पडला.

मासे फाटक्या जाळ्यातून त्याच्या अंगावरून निघून गेले. पाणी लाल झालं, मग गढूळ. बुधराम वल्हं टेकून उभा होता, कामाची सुट्टी झाल्यासारखा. "आयकू येत होतं ते हेच काय जी?" त्याने मला विचारलं. मी आसारामचं तोंड पाण्याबाहेर धरत होतो.

बुधरामला जन्मठेप झाली. तुंब्याचे तुकडे आणि मोडकी पट्टी पोलिसांनी नेली. ऐकायचा डबा त्यांना साधा ट्रान्झिस्टर वाटला, तो यशोदाबाईकडे राहिला. मी एकदा जाऊन त्यातले सेल काढून आणले. तिने काढू दिले, हरकत घेतली नाही. नंतर वायरलेसच्या वाटेला मी गेलो नाही. माशांच्या आणि घड्याळांच्या थापा मारत पोट भरत राहिलो, ललिताबाईंना भंडाऱ्याहून नवी परात आणून दिली.

काही वर्षांनी एका सकाळी पोलीस पाटील दुकानात आला. बुधराम तुरुंगात तापाने गेल्याचा निरोप आला होता. बाईला सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती, म्हणून मला पाठवलं.

यशोदाबाई दारात मासे साफ करत होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला भाऊजी. निजले हायेत."

"कोण?"

तिने मानेने चुलीकडे दाखवलं. डबा कोनाड्यात होता. मागचं झाकण उघडं, सेलची जागा रिकामी, तिथे कोळ्याने घर केलेलं. मी कान जवळ नेला. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू होता, संथ, भरलेला.

"मारत नाई आता," ती म्हणाली. "बरेच दिस झाले. जेवते, निजते."

मला तिथून निघून जायचं होतं. पण निरोप निरोप असतो. मी कोनाड्याकडे पाठ केली आणि म्हणालो, "वहिनी, बुधराम गेला. परवा, तुरुंगात."

मागे श्वास थांबला.

तुटला नाही. आत घेतला गेला आणि रोखून धरला गेला, बाहेर कोण बोलतं आहे ते ऐकायला माणूस अंथरुणात धरतो तसा. त्या डब्यात मी ऐकवायचं यंत्र बसवलं होतं. बाहेरचं बोलणं टिपणारं बसवलंच नव्हतं.

यशोदाबाईने माशांनी बरबटलेले हात पदराला पुसले, कोनाड्याजवळ गेली आणि डब्याच्या तोंडाशी वाकली.

"कोनी नाई जी," ती म्हणाली. "कृष्णराव आले हायेत. निजा तुमी."

आतला श्वास हळूच सुटला.