एक भोक सैल, दोन आटे घट्ट

त्रेसष्ट सालच्या चैतातली दुपार होती. अकोल्याच्या ताजनापेठेतलं कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. अशा वेळी नत्थुजीच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात एक उंच, काळासावळा पोरगा शिरला आणि खांद्यावरचं पोतं त्यानं धाडकन खाली टाकलं. आत नत्थुजीची वच्छला एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसली होती. कोपरापर्यंत तेल. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"लोखंड इकाचं अशीन तं भंगारवाला पुढच्या गल्लीत हाय."

"इकाचं नाई जी, दुरुस्त कराचं हाय. नत्थुजी मिस्त्री..."

"पातुरले गेले. तितल्या टेलरच्या तीन मशिनी एकदमच बसल्या. सांजच्या मोटारीनं येतीन."

"मंग थांबतो मी."

"थांबा. पन उजेडात नका थांबू. मले सुई दिसून नाई राहिली."

तो बाजूला सरकला. दोन मिनिटांनी पुन्हा होता तिथंच येऊन उभा राहिला, कारण बाजूला गेलं की त्याला ती दिसत नव्हती. वच्छलाच्या हे ध्यानात आलं. कपाळावरचे केस मागे सारायला तिनं तेलाचा हात वापरला आणि भुवईवर काळा पट्टा ओढून घेतला. समोरचा हसला.

"हसाले काय झालं?"

"काई नाई जी. शोभून राहिलं."

वीस वर्षांच्या पोरीला असं कोणी तोंडावर म्हणावं आणि तिनं गप्प बसावं, तशी ती वच्छला नव्हती. "पोतं उघडा," ती म्हणाली. "मोठे आले शोभून राहिलं म्हननारे."

पोत्यातून दोन लोखंडी सांगाडे निघाले. एक चकचकीत, निकेल चढवलेला. दुसरा काळपट, जागोजागी रंग उडालेला.

"हे काय, उंदराचे पिंजरे?"

"पेडल हाय. बड्या ढोलाचं." तो खाली उकिडवा बसला आणि जीव लावून सांगू लागला. ढोल जमिनीवर कडेवर उभा ठेवायचा. त्याच्या कड्याला हे आवळायचं. पायानं पट्टी दाबली की कातडी वादी ताणते आणि वरचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोळा ढोलावर बसतो. पाय उचलला की स्प्रिंग त्याला मागं ओढते. "हात मोकळे राह्यतात. दोघा गड्याचं काम एकटा करते."

तो मोतीराम, अमरावतीचा. लग्नसराईत किसनराव मास्तरांच्या बँडमध्ये वाजवायचा. सराई संपली की आठ महिने बसून. आता मास्तरांनी रस्त्यावरची वरात सोडून स्टेजवरची ऑर्केस्ट्रा पार्टी काढायची ठरवली होती, बारमाही, महिन्याच्या पगारावर. मुंबईहून ही दोन जुनी पेडलं पसंतीवर आली होती. त्यातलं एक निवडायचं, एक परत धाडायचं, आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांपुढं वाजवून दाखवायचं. जमलं तर जागा मोतीरामची. नाहीतर नागपूरचा एक वाजवणारा तयारच होता. अमरावतीच्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकले, म्हणून तो अकोल्याला बहिणीकडे येऊन राहिला होता.

"अन् तुमाले कोनतं पायजे?"

"हे चमकते थे."

"चमकते म्हनून?"

"स्टेजवर दिसाले पायजे ना जी!"

"ढोलाच्या मांगं लपलेलं पेडल कोन पाह्यते? नवरी हाय का थे?"

वच्छलानं मशीनवरचं लाकडी झाकण काढून भिंतीला उभं केलं, त्याच्या काठाला चकचकीत पेडल आवळलं आणि पुढं स्टूल ठेवलं. "बसा. ढोल समजा अन् वाजवा."

मोतीरामनं दारात काढलेल्या चपलांकडे पाहिलं, मग पेडलला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि उघडं पाऊल पट्टीवर ठेवलं.

"पाया पडून मंग त्यालेच लाथा माराच्या?"

"वाद्य हाय जी. पाय लावाचा म्हनजे... जिवाले बरं नाई वाटत. निदान उघडा पाय."

ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "वाजवा."

नत्थुजीनं पोरीला एक गोष्ट शिकवली होती. मशीन बिघडलं म्हणून कोणी आलं, तर आधी त्यालाच ते चालवायला लावायचं आणि मशीनकडे न पाहता त्याच्या पायाकडे पाहायचं. वच्छलानं पाहिलं. मोतीराम टाच उचलून पुढच्या तळव्यानं वाजवत होता. पाऊल लांब, बोटं पट्टीच्या पुढं निघालेली. चकचकीत पेडलची पट्टी आखूड होती आणि स्प्रिंग इतकी कडक, की दहा ठोक्यांत त्याची पिंडरी भरून आली.

"हे साहेबाच्या पायाचं हाय, तुमच्या नाई. परत धाडा."

"असं कसं..."

"मंग रविवारी पाय चेपाले मानूस संग ठेवा."

काळपट पेडल बसवलं. पट्टी लांब होती, पण वादी वाळून कडक झालेली आणि गोळा ठोका देऊन झाकणालाच चिकटून राहायचा. आवाज दबका, भद्द. वच्छलानं शेजारच्या मोच्याकडून टांग्याच्या लगामाचं मऊ कातडं आणलं, त्याची वादी कापली, तिला पाच भोकं पाडली आणि तिसऱ्या भोकात अडकवली. सांध्यांत मशीनचं तेल सोडलं. स्प्रिंगचा आटा पाव पाव फिरवत ती म्हणायची, "आता?" तो म्हणायचा, "अजून थोडं." गोळा ठोका देऊन लगेच मागं यायला पाहिजे, पण मागं येताना पायाला झटकायला नको. त्या दोहोंच्या मधली जागा सापडायला दोन दिवस लागले.

खरं सांगायचं तर ती जागा दुसऱ्या दिवशी सकाळीच सापडली होती. दुपार आणि संध्याकाळ कशाला लागली, ते त्या दोघांनाच ठाऊक.

"आता?"

"अजून थोडं..."

"सकाळपासून अजून थोडंच हाय. पेडलचं म्हनून राहिले का आनखी कायचं?"

तो वाजवता वाजवता थांबला. "वच्छलाबाई, रविवारी जागा भेटली, तं मी तुमच्या बाबाशी..."

तेवढ्यात नत्थुजी माठाकडे जायला म्हणून आतून आला. "जयभीम, काकाजी," मोतीराम गडबडीनं उठून म्हणाला. नत्थुजीनं जयभीम केलं, पेडल दाबून पाहिलं, मान डोलावली. मग त्यानं पाणी पिता पिता सहज बोलल्यासारखं सांगितलं, "काम चांगलं झालं. घेऊन जाय बाबू. सोमवारी आमच्या घरी चांदूरबाजारचे पाव्हने येऊन राहिले, पोट्टीले पाहाले. पोट्टा सरकारी गोडाऊनात हाय. कायमचा."

'कायमचा' हा शब्द त्यानं मोतीरामकडे बघूनच टाकला. मोतीरामनं काळपट पेडल पोत्यात घातलं, चकचकीतही घातलं. जाताना दारात नुसता उभा राहिला. वच्छला मशीनच्या पोटात तोंड घालून बसली होती. त्या मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता.

शनिवारी संध्याकाळी पेठेतून वरात निघाली. पोरीबाळी दारात आल्या, तशी वच्छलाही आली. पुढं बँडवाले. लाल कोट, पिवळी झालर, आणि पायात... ती खालीच बघत राहिली. घोट्याच्या वर आलेले काळे, जाड तळव्याचे बूट. सगळ्यांच्या पायात.

"बाबा," ती आत येऊन म्हणाली, "माह्या हातून चुकलं."

"काय चुकलं?"

"पेडल म्या उघड्या पायावर बसवलं. थो बूट घालून वाजवन."

नत्थुजीनं विडी खाली ठेवली. त्यांच्या दुकानात सगळे चपला काढून येत, टेलर लोक मशीन उघड्या पायानंच चालवत, आणि त्या पोराला वाद्याला वहाण लावायची लाज. बुटाचा विचार कोणाच्या मनात यावा कुठून? बुटाचं वजन पट्टीवर पडलं की ती स्प्रिंग काय त्याला उचलते! गोळा ढोलाला चिकटणार आणि आवाज बसणार.

"उद्या अकराले हाय त्याचं," वच्छला म्हणाली. "आपल्या दुकानातून कच्चं काम भाईर गेलं."

नत्थुजीनं पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड कामाचं बोलत होतं आणि डोळे दुसरंच काही. पण कामाचं बोलणंही खोटं नव्हतं, आणि त्या एका गोष्टीपुढं नत्थुजीचं काही चालत नसे.

"सकाळची पॅसेंजर धरू," तो म्हणाला.

"सोमवारी पाव्हने," वच्छलाची माय गंगूबाई चुलीपासून ओरडली, "अन् पोट्टी रविवारी कोयसा खात हिंडन! कोन पसंत करन इले?"



बडनेऱ्याला गाडी बदलली. अमरावतीच्या शाळेत पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. हॉलच्या दारातूनच आवाज आला... भद्द... भद्द... मग कोणीतरी हसलं.

स्टेजवर मोतीराम लाल कोटात बसला होता. घामानं कॉलर भिजलेली. किसनराव मास्तर काठी हातात घेऊन पुढं उभे. "हे काय वाजून राहिलं रे? धान कांडून राहिला का?"

"मास्तर, बूट काढून वाजवू का?"

"कोटाखाली उघडे पाय? माह्या पार्टीत? हट!" मास्तर पेटीवाल्याकडे वळले. "नागपूरवाल्याले चिठ्ठी लिही."

"थांबा जी."

हॉलमध्ये वीस-पंचवीस पुरुष. त्यांच्यामधून हिरव्या लुगड्याची एक पोरगी पदर खोचून सरळ स्टेजवर चढली. हातात स्क्रू फिरवायचा पेचकस.

"हे कोन?" मास्तर.

"पेडल याईचं. काम माहं. म्या उघड्या पायाचं बसवलं, त्याईचा दोष नाई. पाच मिंट द्या."

"बाई पेडल बसवते?"

"बाईनं बसवलं म्हनून एवढं तरी वाजलं. तुमच्या दोन मिस्त्र्यायनं हात टेकले होते."

मागं कोणी खाकरलं. मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. "पाच म्हनजे पाच."

वच्छला गुडघ्यावर बसली. "बूट ठेवा पट्टीवर. दाबू नका, नुसता ठेवा." तळव्याच्या जाडीनं पाय उंच झाला होता, म्हणून तिनं वादी एक भोक सैल सोडली. मग स्प्रिंग. एक आटा. "उचला." गोळा मागं आला, पण रेंगाळत. आणखी एक आटा. "आता उचला."

"कायले आल्या?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"पाय पाहा. गोष्टी नंतर."

"नंतर होईन का गोष्ट?"

"पयले वाजवा तं."

ती बाजूला झाली. मोतीरामनं वाजवलं. पहिला ठोका हॉलच्या भिंतीला जाऊन लागला. दुसरा, तिसरा... घट्ट, गोल, एकासारखा एक. मग हातातल्या काड्याही सुरू झाल्या. पेटीवाल्यानं न सांगता सूर धरला. मास्तरांचं घड्याळ खिशात टाकायचं राहूनच गेलं. ते तसंच एका हातात राहिलं आणि दुसऱ्या हातातल्या काठीचं टोक जमिनीवर ताल देऊ लागलं.

थांबल्यावर मास्तर म्हणाले, "एक तारखेपासून ये." आणि नत्थुजीकडे पाहून, "मिस्त्री तुमी का ही?"

"मी पातुरले होतो," नत्थुजी म्हणाला. एवढंच म्हणाला, पण छाती दोन बोटं वर आली होती.

शाळेच्या फाटकाबाहेर चहाची गाडी होती. नत्थुजी चहा सांगायला पुढं गेला. लिंबाखाली वच्छला उभी होती, लुगड्यावर काळ्या तेलाचे दोन डाग. मोतीराम बूट काढून हातात घेऊनच पळत आला. तापल्या फुफाट्यात पाय भाजत होते, तरी तिथंच उभा राहिला.

"म्या म्हनत होतो... परवा अकोल्याले येतो. काकाजीशी बोलतो."

"परवा मंगयवार."

"हव."

"पाव्हने सोमवारी हायेत."

त्यानं बूट या हातातून त्या हातात घेतले. मग हळूच म्हणाला, "तुमचं मन काय हाय?"

"मन? तीस कोस का काय गाडीचा धूर खाऊन आली, मास्तरशी भांडली, वीस गड्याईपुढं गुडघे टेकले... आनखी मन कसं दाखवतात अमरावतीत?" तिनं चहाच्या गाडीकडे बोट दाखवलं. "बाबा थे उभे हायेत. आज रविवार हाय. बोलाचं तं आज बोला."

मोतीराम गेला. ती लिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागून तिला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता चहावाल्याच्या कपबश्यांचा आवाज येत होता. बराच वेळ. मग बापाची पावलं.

"पोट्टा इचारून राहिला," नत्थुजी म्हणाला. "म्या म्हनलं, नोकरी आताच लागली, अजून पगाराचं तोंड नाई पाह्यलं त्यानं. थो म्हनते, थांबा म्हनाल तेवढं थांबतो, पन नाई म्हनू नका." तो जरा घुटमळला. "चांदूरबाजारवाल्याईले येऊ नका म्हनून कळवा लागीन. अकोल्याले गेल्यावर कार्ड टाकतो."

"बाबा," वच्छला मागं न वळता म्हणाली, "कार्ड उद्यापावतर पोचत नाई. बडनेऱ्याच्या स्टेशनातून तार करा."