शनिवारचा लांब शाफ्ट

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी लेथवर होतो. ती दोन दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली होती. मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, आधी मशीन बंद करा,” एवढं बोलून तो रडायलाच लागला.

ती आमच्याच वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर होती. मी लेथवर लोखंडी बार कापून शाफ्ट करायचे, तिनं ते घासून गुळगुळीत करायचे. माझा एक नग ती दिवसभर मागे ठेवायची आणि सुट्टीच्या सुमारास हातात घ्यायची. म्हणजे दोघांचं काम एकदमच संपायचं, बरोबर घरी निघता यायचं. शेजारच्या मशीनवरचा मिलिंगवाला चिडवायचा, “वहिनी, एक दिवस तरी एकट्याला सोडा, हरवत नाही तो.”

ती गेल्यावर ग्राइंडरचं कनेक्शन काढलं, वर ताडपत्री टाकली. मग मालकांची इंजिनिअर भाची कॉम्प्युटर घेऊन आली. कुठलं काम आधी घेतलं, कुठलं मागून, तर मशीन रिकामी राहत नाहीत, हे ती पडद्यावर अख्खा आठवडा चालवून बघायची. त्यात गरज दिसली नाही, तर ग्राइंडर विकायचा असं ठरलं होतं. मला तो जायला नको होता. बायकोचं तेवढंच उरलं होतं.

“कामही पडद्यावरच होऊ दे की, आम्ही घरी झोपतो,” मिलिंगवाला म्हणाला.

भाची हसली. मग पडद्याकडे वाकून बघू लागली.

“काका, घासायची सगळी कामं मी बाहेर पाठवलीत. ग्राइंडर यात घातलेलाच नाही. मग हे काय?”

पडद्यावर शनिवार संपत आला होता. कामांचे सगळे चौकोन पुढे सरकून गेले होते. एकच कोपऱ्यात थांबला होता, ग्राइंडरच्या जागी. माझ्या लेथवरचा लांब शाफ्ट.

भाचीनं कामांचा क्रम बदलला. छोटी कामं आधी घेतली. मग घाईची आधी. मग कशीही. बाकी सगळं दरवेळी बदलायचं, तो चौकोन तिथंच.

“थांबलाय कशासाठी?” ती पुटपुटली.

मला माहीत होतं.

जाऊन ताडपत्री उचलली.

शाफ्ट ग्राइंडरवर चढवलेला होता. लखलखीत घासलेला. हात लावला तर कोमट. टोकाची धार लेथवर मी मोडतो, तशीच मोडलेली.

“हा कधी केलात?” भाचीनं मागून विचारलं. “ड्रॉइंग तर मी आज सकाळी आणलं.”

मी लेथकडे बघितलं. त्या शाफ्टचा बार भिंतीला टेकून उभा होता, आला तसाच, गंजाच्या सालीसकट.

भाची पुन्हा आली नाही. ग्राइंडर विकला गेला नाही. तो शनिवार कधीच उलटला. मालक रोज त्या शाफ्टची आठवण करून देतात.

तिचं काम उरकलंय, माझंच राहिलंय. बार मी अजून लेथवर चढवलेला नाही.