खिडकीवरची ओली रेघ

या बाळांनो, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, सतरंजी मोठी आहे. हातातले खेळ जरा बाजूला ठेवा, कारण आज सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका खेळातून सुरू होते. मधे थोडी धडधड होईल. पण उठू नका, मी आहे ना इथे.

मालवणच्या किनाऱ्यापासून आत, समुद्राच्या तळाशी, काचेच्या घुमटाखाली एक गाव वसलंय. म्हणजे अजून वसायचंय, पण वसलंय असं समजा. तिथे केतकी कोयंडे नावाची दहा वर्षांची मुलगी राहायची. तिची आई विशाखा समुद्री शेवाळाच्या शेतात काम करायची. पाठीला हवेची टाकी बांधायची, जलद्वारातून (पाणी आत न येऊ देता माणसांची ये-जा होऊ देणारं दुहेरी दार) बाहेर पडायची आणि टाकी संपायच्या आत परतायची.

त्या संध्याकाळी गावात कीर्तन होतं. मंडप केतकीच्या खोलीला लागूनच, मधे नुसता पडदा. सारं गाव दाटीवाटीने बसलेलं. कमलाकरबुवा धृपदाची ओळ सोडत होते आणि मंडप ती उचलत होता. बुवांच्या मागे झांजा घेऊन सोबती उभा होता. सोबती म्हणजे गावचा यंत्रमानव. दिवसा तो घुमटाच्या काचा पुसायचा, कीर्तन असलं की झांजा वाजवायचा आणि बुवांपेक्षा जास्त रंगायचा.

केतकी पडद्याआड होती. कान कीर्तनाकडे, बोटं खेळात. खेळाच्या गटात नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या. समर बांदेकर नव्या चष्म्याची बढाई मारत होता, म्हणे त्यातून खेळातले शार्क थेट अंगावर येतात. कोणी विचारत होतं, वरच्या जगात चंद्रावर जायची बस सुरू होणार ही बातमी खरी का. कोणी समरला चिडवत होतं, की हा हरला की दोष नेटवर्कचाच असतो. त्यातच केतकीने लिहिलं, 'माझ्या खिडकीवर पाण्याची रेघ उतरतेय,' आणि ती पुन्हा खेळात बुडाली.

डाव संपला तेव्हा गटात खेळाचं नावसुद्धा राहिलं नव्हतं. खिडकीतून पाणी येतंय, असं कोणी लिहिलं होतं. घुमटाला तडा गेलाय, असं दुसऱ्याने. समरने लिहिलं होतं की मोठ्यांच्या गटातही हेच आलंय, मामाने सांगितलं. केतकीने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. रेघ तर तिनेही पाहिली होती! म्हणजे खरंच की. तिने मनगटावरच्या पट्ट्याचं 'सावध' बटण दाबून टाकलं.

आता या बटणाची गंमत ऐका. गंमत कसली, धास्तीच. पन्नास जणांनी ते दाबलं की जलद्वार आपोआप बंद होई आणि किनाऱ्यावरचे इंजिनिअर येऊन तपासेपर्यंत, म्हणजे सहा तास, कोणाच्याही हाताने उघडत नसे. संकटात कोणी घुटमळू नये म्हणून तसं बांधलेलं. पन्नास व्हायच्या आत मात्र दाबलेलं बटण मागे घेता येई. पट्ट्यावर आकडा दिसला, एकेचाळीस. आणि तेव्हा केतकीला आठवलं, आई बाहेर आहे. तिच्या टाकीत जेमतेम तासाभराची हवा उरली असेल.

तिने जलद्वाराच्या पहारेकऱ्यांना फोन लावला. लागेना, सगळं गाव तिथेच फोन करत होतं. आकडा त्रेचाळीस झाला. ती पडदा सारून मंडपात धावली. पूर्वरंग नुकताच संपला होता. लोकांना बुक्का लावला जात होता, बुवांच्या गळ्यात हार पडत होता, पण अर्धे लोक पट्ट्याकडे बघत कुजबुजत होते. केतकीने सोबतीचा हात धरून त्याला कोपऱ्यात ओढलं आणि रडत रडत सगळं सांगितलं.

सोबतीने झांजा खाली ठेवल्या. "केतकी, मघाशी धृपद किती जण म्हणत होते?"

"सगळेच. पण सोबतीदादा, आई..."

"आईसाठीच विचारतोय. बुवांनी ओळ चुकीची सोडली असती तर?"

"सगळ्यांनी चुकीचीच म्हटली असती."

"मग चूक किती जणांची?"

केतकी थबकली. "एकाची. बाकीच्यांनी नुसती मागून म्हटली."

"तर आधी बघू, पहिली ओळ कोणी सोडली."

सोबतीने दोन्ही गटांतले संदेश भराभर चाळले. मग तबकातला बुक्का चिमटीत घेऊन त्याने फरशीवर ठिपके काढले. एक ठिपका म्हणजे एक माणूस. ज्याने ज्याचं वाचून लिहिलं, त्याच्याकडे रेघ. समरच्या ठिपक्यातून रेघ मामाकडे गेली, मामाकडून शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याकडून समरच्याच धाकट्या बहिणीकडे. सगळं जाळं झालं. आणि त्या जाळ्यातली एकेक रेघ शेवटी एकाच ठिपक्यात येऊन थांबली.

"हा कोण?" केतकीने विचारलं. सोबतीने तिच्याकडेच बोट दाखवलं. तिला कळलं.

"म्हणजे ते खोटं आहे?"

"तेही अजून माहीत नाही," सोबती म्हणाला. "एकाने पाहिलेलं खरंही असतं. पण त्याचे पन्नास पडसाद म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत. आपल्याला हवाय स्वतंत्र पुरावा (दुसऱ्याचं न ऐकता, वेगळ्या वाटेने मिळालेला पुरावा). समुद्राचं पाणी कसं लागतं?"

केतकी उत्तर द्यायला थांबलीच नाही. खोलीत धावली, खिडकीवर चढली. आकडा सत्तेचाळीस. रेघ अजून उतरत होती. तिने बोट फिरवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं.

पाणी खारट नव्हतं.

मागून आलेला सोबती म्हणाला, "मंडपात एवढी माणसं गातायत. त्यांच्या श्वासातली वाफ पडद्याखालून इथे येते. काचेपलीकडे गार समुद्र, म्हणून काच गार. वाफ तिला टेकली की तिचं पाणी होतं. याला संघनन म्हणतात (वाफ गार होऊन तिचं पाणी होणं). तरी तुझ्या एका जिभेवर मी गाव सोपवणार नाही." त्याने भिंतीवरचा दाबमापक (हवेचा दाब मोजणारं यंत्र) तपासला. घुमटाला तडा असता तर काटा हलला असता. काटा जागचा हलला नव्हता.

केतकीने गटात लिहिलं, 'पहिलं मीच लिहिलं होतं. तडा मी पाहिलेला नाही, कोणीच पाहिलेला नाही. फक्त रेघ पाहिली. ती चाखली, खारट नाही. दाबमापकही ठीक आहे. माझी आई बाहेर आहे, बटण मागे घ्या.'

मग आकडा एकोणपन्नास झाला, कारण आणखी दोघांनी वाचायच्या आधीच दाबलं होतं. केतकीने आपलं बटण मागे घेतलं. अठ्ठेचाळीस. मग समरचं पहिलं उत्तर आलं, 'खिडकी चाटलीस? शी!' आणि लगेच दुसरं, 'मी काढलं. मामालाही सांगतो.' आकडा उतरू लागला, आधी हळू, मग भराभर.

केतकी जलद्वारापाशी जाऊन उभी राहिली. आतलं दार उघडलं. विशाखा टोपी काढत आत आली, तर लेक कमरेला मिठी मारून हुंदके देतेय. "अगं, मी ओली आहे," ती म्हणाली. "काय झालं तरी काय?" केतकीने पट्ट्यावरचा उतरलेला आकडा तिच्यापुढे धरला. मंडपात बुवांनी उत्तररंग सुरू केला होता आणि सोबती झांजा तिथेच टाकून केतकीच्या मागे जलद्वारापाशी आला होता.

पुढे गावाने पट्टा बदलला. आता बटण दाबलं की तो आधी विचारतो, तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? ऐकणाऱ्यांचे पडसाद तो मोजत नाही, पण पाहणारा एकटा असला तरी सोबतीला तपासायला धाडतो. किनाऱ्यावरची गावंही आता तसा पट्टा मागू लागली आहेत.

तुमच्या हातात असा पट्टा यायला वेळ आहे, बाळांनो. तोवर एवढं करा. एखादी बातमी पुढे पाठवायला बोट उचललंत ना, की पाठीवर टाकी बांधून अंधाऱ्या पाण्यातून घराकडे निघालेल्या त्या विशाखेची एकदा आठवण काढा.